हळू, आत लोक आहेत

संगणकासमोर बसायच्या आधी चपला काढणारा माणूस मी एकच पाहिला. घरात नव्हे, महाडच्या बाजारपेठेतल्या गाळ्यात. फरशीवर कागदाच्या कातरणी आणि गिऱ्हाइकांच्या पायांची माती असायची, तरी हे गृहस्थ मधल्या कापडी पडद्याशी थांबणार, चपला काढून भिंतीला टेकवून ठेवणार आणि मगच आतल्या खुर्चीवर बसणार. मला आधी वाटलं, टाचा दुखत असतील. एकदा विचारलं.

"दुसऱ्याच्या घरात जायचं असतं ना," ते म्हणाले.

"कुणाच्या?"

"आज कापडे गावच्या लग्नघरात."

माझ्यासमोर जातीच्या दाखल्याचा अर्ज अर्धवट भरलेला होता आणि अर्जवाला घाम पुसत उभा होता.

गाळा त्यांचा. माझा नवरा गेल्यानंतर काही महिन्यांनी मी त्यातला पुढचा अर्धा भाग भाड्यानं घेतला. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन अर्ज, हे माझं काम. मधे एक निळा पडदा आणि पडद्यामागं ते. लग्नपत्रिका, जत्रेचे कार्यक्रम, शाळांच्या स्मरणिका, उत्तरकार्याची पानं हे सगळं तिथं व्हायचं. महाड-पोलादपूरकडची माणसं त्यांना मालक म्हणायची, म्हणून मीही मालकच म्हणत असे. ते मला वहिनी म्हणत, कारण माझा नवरा कोर्टात कारकून होता आणि दोघं रोज सकाळी चवदार तळ्याकडून एकत्र चालत यायचे. काय बोलायचे कोण जाणे. माझा नवरा मोजकं बोलणारा आणि मालक सुरुवात एका वाक्याची करून शेवट दुसऱ्याचा करणारे.

पीडीएफ म्हणजे माझ्या लेखी कागदाचा फोटो. छापायचा आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. मालकांच्या लेखी ते घर होतं. "वहिनी, पान दिसतं ते नुसतं अंगण," ते सांगायचे. "माणसं आत असतात." आत एका खोलीत अक्षरं असतात, दुसरीत चित्रं आणि अगदी शेवटी, मागच्या भिंतीवर, कुठली वस्तू कुठं ठेवली आहे त्याची पाटी. आपण एखादी ओळ पुसतो, एखादं चित्र काढून टाकतो, तेव्हा बऱ्याचदा पाटीवरचं नाव तेवढं जातं. वस्तू आपल्या जागी अंधारात पडून राहते. ती बघायला मालक आत जात. त्यासाठी त्यांच्याकडं एक साधी खिडकी होती, तीत पान दिसायचंच नाही, नुसते आकडे आणि खुणा वरून खाली वाहत असायच्या. दुपारी त्या उजेडात त्यांचा चेहरा नदीच्या पाण्याजवळ बसलेल्या माणसासारखा हलता दिसायचा.

अशा वेळी कुणी काउंटरवर हात आपटला की पडद्यामागून आवाज यायचा, "हळू. आत लोक आहेत."

नवीन गिऱ्हाईक ओशाळं होऊन मला विचारायचं, "मीटिंग चालू आहे का?"

"हो," मी सांगायचे. समजावत बसायला वेळ कुणाला आहे?

आता वाटतं, त्या वर्षांतल्या दुपारी फार लांब होत्या. पंखा फिरायचा, रस्त्यावरची वर्दळ विरळ व्हायची, सावित्रीकडून ओल्या मातीचा वास यायचा आणि आतून माउसचा आवाज, मधेच बंद होणारा. माझी झापड उडावी म्हणून मी कपाट आवरायला घ्यायचे. ते मात्र झोपलेले नसायचे. ते कुठंतरी गेलेले असायचे. परत आले की चहा मागवायचे, साखरेशिवाय. गुळाचा खडा दाढेखाली धरायचा आणि वरून चहा. मग प्रवासातून आलेल्या माणसासारखं सांगायला लागायचे.

एकदा एका शाळेची स्मरणिका त्यांच्याकडं दुरुस्तीला आली. मुखपृष्ठावर मुख्याध्यापक आणि पाहुणे, दोघंच, हार घातलेले. मालक आत जाऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, इथं तिसरं कुणीतरी आहे." फोटोची कड कापलेली होती, पण ती नुसती झाकलेली. आत अख्खा फोटो तसाच. त्याच्या टोकाला खिचडी शिजवणाऱ्या बाई, हातात पळी, पदर खोचलेला, तोंडभर हसत होत्या. मालकांनी तो फोटो पूर्ण छापला आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं त्या गावाला जाऊन बाईंच्या हातात दिला. आल्यावर मला त्यांचं बोलणं जसंच्या तसं करून दाखवलं.

"ह्यात मी कुठनं आले? मला तर बाजूला व्हा म्हनले व्हते."

"तुम्ही बाजूला झाला नव्हतात. नुसत्या दिसत नव्हतात."

"मंग आता काय करू ह्याचं?"

"भिंतीला लावा."

"भितीला देव हायत," बाई म्हणाल्या आणि फोटो तांदळाच्या डब्यावर उभा केला.

मी म्हटलं, "मालक, अख्खा दिवस गेला यात. दोन पत्रिका अडल्यात."

"अडू देत. लग्न काय पत्रिकेवाचून थांबत नाही."

आणखी एक होतं. तारीख बदलून द्या, शिक्का उचलून इकडं ठेवा, अशी कामं घेऊन माणसं यायची. यांच्या हातात ते सहज होतं. पण ते उठून त्या माणसाला चहा पाजायचे आणि वाटेला लावायचे. "आतल्यांना खोटं बोलायला लावू नये. त्यांना नाही म्हणता येत नाही," एवढंच कारण. माणूस चहा पिऊन, चिडून, शेजारच्या आळीत जायचा.

आणि इतकं जपणारा हा माणूस एका ठिकाणी मात्र नेमानं खोटं बोलायचा.

उमरठच्या पुढं एका वाडीत एक म्हातारे पेंटर राहतात. एके काळी महाडपासून आंबेनळी घाटापर्यंत जेवढ्या म्हणून पाट्या होत्या, देवळाच्या, शाळेच्या, दूध डेअरीच्या, त्या त्यांच्या हातच्या. त्यांचं अक्षर मला वर्णन करून सांगता येणार नाही. ठेंगणं, पोट सुटलेलं, पण डौलात उभं. घाटावरचं ऊन खाल्लेल्या माणसासारखं. मग फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम संपलं. पेंटरांच्या हाताला कंप सुटायला लागला तेव्हा मालकांनी त्यांच्याकडून मोठ्या कार्डशीटवर एकेक अक्षर काढून घेतलं, सगळी बाराखडी, जोडाक्षरांसकट. पेंटर सकाळी उठल्या उठल्या काढायचे. तेवढाच वेळ हात स्थिर असायचा. त्यावरून मालकांनी संगणकात फॉन्ट केला. लग्नपत्रिकेवरची नावं, गावाचं नाव आणि तिथीची ओळ, एवढं ते त्या अक्षरात घालायचे. बाकीचा मजकूर साध्या अक्षरात. पेंटरांचं अक्षर स्वस्तात वापरायचं नाही म्हणत.

फॉन्ट पुरा झाला त्या सुमारास पेंटरांचा हात पुरता गेला. आता त्यांना चहाचा कपही सून धरून पाजते.

आणि मग पूर आला. महाडला पुराचं कौतुक नाही, पण त्या वर्षी गाळ्याचं छत तेवढं कोरडं राहिलं. मी माझं झेरॉक्स मशीन सोडून दिलं आणि नवीन घ्यायच्या मागं लागले. मालकांचा संगणक गेला, कपाटातली हार्ड डिस्क गेली आणि मेलमध्ये ते जुनं काही ठेवत नसत. पेंटरांच्या कार्डशीटा गाळात भिजून, एकमेकींना चिकटून, भिजल्या पापडासारख्या झाल्या होत्या. त्यांनी त्या वाळत घातल्या. वाळल्यावर हाताला नुसता भुगा आला.

पाणी ओसरल्यावर ते पेंटरांना भेटायला वर गेले. म्हाताऱ्यानं पहिलं विचारलं, "माजी अक्षरं हायत ना रे कंपूटरात?"

"आहेत," मालक म्हणाले. "सगळी आहेत."

हे मला त्यांनी परत आल्यावर सांगितलं. भिंतीकडं तोंड करून. दर महिन्याला ते वर जात, दर वेळी म्हातारा तेच विचारी आणि हे तेच सांगत. पुढं पुढं पेंटर म्हणायला लागले, "मंग एकदा सगळी ओळीनं छापून आण. बघतो." मालक म्हणायचे, "आणतो पुढल्या खेपेला."

"सांगून टाका सरळ," मी म्हटलं. "पूर तुम्ही आणला नव्हतात."

"तो हात परत येणार नाही, वहिनी."

त्यानंतर काही दिवसांनी एक गिऱ्हाईक जुनी पत्रिका फोनवर घेऊन आलं. मोठ्या मुलीची. त्याच पत्रिकेत नाव बदलून धाकटीचं घालून हवं होतं. मालक आत गेले. धाकटीचं नाव घातलं तर त्यातल्या एका अक्षराच्या जागी रिकामा चौकोन उमटला. गिऱ्हाईक म्हणालं, "हे काय? माझ्या पोरीच्या नावात खिडकी?"

मालक त्या चौकोनाकडं वाकले. मग हळूच म्हणाले, "ते अक्षर आत नाही. मोठीच्या लग्नाला त्याची गरज पडली नव्हती." आणि उठून त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. चहा नसताना.

त्याचा अर्थ मला त्यांनी संध्याकाळी सांगितला. पीडीएफ करताना एक खूण असते. ती ठेवली की पानावर जेवढी अक्षरं वापरली तेवढीच फॉन्टमधून आत जातात, बाकीची गाळली जातात. फाइल हलकी होते. डोंगरातल्या वाड्यांत रेंज अर्धीमुर्धी, जड पत्रिका उघडता उघडत नाही, म्हणून मालक ती खूण कायम ठेवत आले होते. पोलादपूरच्या माणसांच्या सोयीसाठी त्यांनी स्वतःच प्रत्येक पानातून निम्मी बाराखडी बाहेर ठेवली होती. पण उरलेली निम्मी आत होती. लोकांच्या फोनमध्ये, जुन्या मेलमध्ये, विसरलेल्या लग्नांत. पेंटरांच्या हातच्या रेषेसकट.

"एसटीत दुपारी माणसं बसल्या जागी झोपतात ना," मालक म्हणाले, "तशी बसली असतील."

मग ते अक्षरं गोळा करायला निघाले.

तो हिवाळा आणि पुढचा उन्हाळा त्यांनी याच्यात घातला. सकाळची गाडी पकडायची, कुठल्या तरी गावाला उतरायचं, ज्यांच्या पत्रिका आपण केल्या होत्या त्यांची घरं शोधायची आणि विचारायचं, "लग्नाची पत्रिका फोनमध्ये आहे का हो?" काही घरांत पत्रिका होती, नवरा-बायको वेगळे झाले होते. काही घरांत दोन पोरं झाली होती आणि फोन त्यांच्या हातात होता. मालक ओट्यावर बसायचे, पाणी प्यायचे, पत्रिका स्वतःच्या फोनवर घ्यायचे. संध्याकाळी गाळ्यात येऊन चपला काढायचे आणि आत जायचे.

पडद्याआडून मला बातम्या मिळायच्या. "क मिळाला. कापड्याच्या नवरीचा." "हा भ एका मामाच्या नावातला आहे. भांडखोर होते, पण भ सुरेख." "चैत्रातलं त्र घेतलं, वैशाखातला ख घेतला." आलेल्या अक्षरांची चाचणी घ्यायला ते कुठलं शुभवाक्य लिहीत नसत. रस्त्यावरची गावं लिहीत. आधी नुसतं म हा ड, मग पोलादपूर, मग उमरठ, मग घाट चढून आंबेनळी. एखाद्या गावात चौकोन यायचा, म्हणजे तिथं अजून रस्ता पोचलेला नाही. मी एसटी स्टँडवर चौकशी करणाऱ्या बाईसारखी म्हणायचे, "आज गाडी कुठवर गेली?" ते म्हणायचे, "उमरठला थांबली आहे. ठ येतोय मागून."

मला हे सगळं वेडेपणाचंच वाटे. पण आठवताना ते दिवस मला उन्हात वाळत घातलेल्या कपड्यांसारखे दिसतात, हलके, सगळे एकाच दोरीवर.

शेवटी एक अक्षर उरलं. ढ.

"कुठल्या तरी छापील कागदावरून स्कॅन करा," मी म्हटलं.

"कागदावर शाई पसरते. कड मिळते ती शाईची, त्यांच्या हाताची नाही."

"मग तुम्हीच काढा. इतकी बघितलीत अक्षरं."

"मी काढला तर तो माझा ढ होईल. म्हाताऱ्याला एका नजरेत कळेल."

मी सुचवलं, पोलादपूर तालुक्यात ढवळे नावाचं गावच आहे. तिथली एखादी पत्रिका मिळाली की झालं. त्या दिवशी बाजार बंद होता, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेले. रस्ता संपला तिथून चालावं लागलं. शेतं भाजल्याचा, भाजावळीचा धूर खोऱ्यात निळा होऊन उभा होता. एका ओट्यावर आम्ही बसलो आणि मालकांनी आपलं नेहमीचं विचारायला सुरुवात केली. माणसं जमली. सगळ्यांच्या फोनमध्ये पत्रिका होत्या, पण सगळे फोटो. मुंबईला छापलेल्या पत्रिका, पोरांनी फोटो काढून पाठवलेल्या. मालकांच्या हातचं लग्न त्या गावात एकही नव्हतं.

"फोटोत दिसतंय की अक्षर. हे काय ढ," एक म्हातारी म्हणाली.

"दिसतं, पण आत कुणी नाही, आजी," मालक म्हणाले.

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. "ह्ये बरे हायत ना गो?"

"बरे आहेत," मी म्हटलं.

"नाय, ढ हुडकत इतक्या लांब आलात म्हनून. आमच्या घरात दोन हायत, घेऊन जा की," ती म्हणाली आणि ओट्यावरचे सगळे हसले. तिचे दोन्ही नातूही हसले. मालकही हसले, पण परतताना त्यांची पावलं झपाझप पडत होती. पेंटरांना त्या वैशाखात दोनदा दवाखान्यात नेलं होतं.

पाऊस लागला, लावण्या सुरू झाल्या. वर कुणी घरात सापडेना, गावंच्या गावं चिखलात. मालक गाळ्यात बसून राहायला लागले. पेंटरांच्या सुनेचा निरोप आला, आबा विचारतायत, छापून आणणार होतात ना.

त्याच आठवड्यात माझ्या जाऊबाईंचा डोंबिवलीहून फोन आला. मी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरत होते, फोन खांद्यात धरला होता.

"अगं, भाऊजींची तिथी कधी येते यंदा? गुरुजींना सांगायचंय."

"आषाढ वद्य अष्टमी," मी म्हटलं.

पडद्यामागचा माउस थांबला.

मी अर्ज पुरा केला. गिऱ्हाइकाची सही घेतली, त्याला पावती दिली, तो गेला. मग बसून विचार केला. आषाढात आमच्याकडं लग्न कोण काढतं? सगळे लावणीला. आषाढात जत्रा नाही, वाजंत्री नाही. मालकांच्या पत्रिकांत बाकीच्या महिन्यांची अक्षरं भरपूर होती, आषाढाचं नाव येण्याचं कारणच नव्हतं. आषाढात फक्त माणसं मरतात, आणि ती कुठल्याही महिन्यात मरतात. माझ्या नवऱ्याचं उत्तरकार्याचं पान मालकांनीच केलं होतं. वर नाव, खाली गाव, मधे तिथी, तिन्ही पेंटरांच्या अक्षरांत. ते त्यांनी माझ्या मेलवर पाठवलं होतं आणि मी मुंबईच्या नातेवाइकांना पुढं पाठवून दिलं होतं. नंतर उघडायचं काही काम पडलं नव्हतं.

मी पडदा सारला. "मालक, तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी मान हलवली.

"सगळा तालुका पालथा घातलात. ढवळ्याला मला चालवत नेलंत. मला का नाही विचारलं?"

"दुसरीकडं मिळालं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

मी फोनवर मेल शोधली. सापडायला वेळ लागला नाही. मी टाकाऊ मेल वेळच्या वेळी काढते, ती मात्र होती. ती त्यांना पाठवली आणि आत गेले. पडद्याशी माझ्या चपला काढल्या, कारण त्यांच्या चपला तिथं होत्या आणि त्यांच्यावर पाय पडला असता.

फाइल आली. मी खुर्चीच्या मागं उभी होते. मालकांनी ती उघडली नाही. ती दुसरी खिडकी उघडली, आकड्यांची.

"पान उघडलंत तरी चालेल," मी म्हटलं. "मी काही रडणारी नाही."

"ते माहीत आहे मला. पण गरज नाही. आपण मागच्या दारानं जाऊ."

आकडे वाहायला लागले. ते एकेका ठिकाणी थांबत, पुढं जात. बाहेर पागोळ्या गळत होत्या आणि कुणीतरी काउंटरवर येऊन "ओ ताई" म्हणालं. मीच म्हटलं, "हळू." माझा मीच आवाज ऐकला. तो माणूस बाहेर गप्प उभा राहिला.

मग स्क्रीनवर, काळ्यावर पांढरा, एकटा ढ उभा राहिला. ठेंगणा, पोट सुटलेला, शेपटीला किंचित झुकाव. माझ्या नवऱ्याचं नाव, गाव, तो दिवस, यातलं काहीच आजूबाजूला नव्हतं. नुसतं एक अक्षर. मालकांनी ते उचलून इतरांच्यात ठेवलं, अगदी शेजाऱ्याच्या झोपलेल्या पोराला उचलून अंथरुणावर ठेवावं तसं. आणि फाइल बंद केली.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. पाटी होती तशीच आहे. कुणाला जाग आली नाही."

मी बाहेर जाऊन त्या माणसाचं आधारकार्ड झेरॉक्स केलं.

घर आणि गाळा सांभाळून जमेल तसा वेळ काढला आणि त्याच आठवड्यात आम्ही वर गेलो. गाडीच्या काचेबाहेर नुसतं धुकं. मालकांनी कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सदऱ्याच्या आत धरला होता. पेंटर खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. हात मांडीवर, आपल्याशीच हलत. सुनेनं कागद त्यांच्यासमोर धरला. म्हातारा एकेका ओळीवरून डोळे नेत गेला, फार सावकाश. मालक उभेच होते, शाळेत निकालाला उभं राहतात तसे. ढ पाशी म्हातारा थांबला.

"ह्यो बरा आलाय," ते म्हणाले. "बाकीची जरा घाईत काढली मी."

मालकांनी इतका मोठा श्वास सोडला की सून वळून बघायला लागली.

"किती गावं हिंडलास रे?" पेंटरांनी विचारलं.

"कशासाठी?"

"अक्षरांसाटी. पान्यात गेली व्हती ना?"

मीच विचारलं, "आजोबा, तुम्हाला कसं कळलं?"

"सगळा म्हाड पान्याखाली, आन् ह्याचा कंपूटर काय माडावर चढून बसला व्हता?" म्हातारा हसला, हसताना सगळाच हलला. "इकडली पोरं सांगत व्हती, मालक लगनाच्या पत्रिका मागत फिरतोय. मी म्हनलं, फिरू दे."

"मग दर वेळेला विचारत का होतात?" मालक कसेबसे म्हणाले.

"तू काय सांगतोस ते आयकाया. बरं वाटायचं. हायत म्हनायचास." मग सुनेकडं वळून, "च्या ठेव गो. गूळ दे ह्याला येगळा."

येताना मालक खिडकीशी बसले होते. मी म्हटलं, "वर्ष घातलंत. त्यांना माहीतच होतं." ते धुक्याकडं बघत राहिले. एका अवघड वळणावर गाडी हळू झाली तेव्हा म्हणाले, "हो, पण मी 'आहेत' म्हणत होतो तेव्हा ते खोटं होतं."

नंतर बरेच दिवस मी त्यांच्याकडून आतलं थोडंफार शिकून घेतलं. उपयोगी पडतं म्हणून. नाव बदलायचं, चित्र हलवायचं, कुठली खूण कशाला असते. चपला काढायचं त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी काढते, फरशी स्वच्छ राहते.

मालक गेल्या पौषात गेले. दुपारी खुर्चीवर बसल्या जागी. मला वाटलं, आत गेले असतील, म्हणून मी बराच वेळ हाक मारली नाही. पुण्याहून मुलगा आला. त्यानं विचारलं, "वहिनी, बाबांचं पान तुम्ही कराल का?" मी म्हटलं, "करते."

नाव, गाव, तिथी, तिन्ही पेंटरांच्या अक्षरांत घातली. पौष, वद्य, महाड. फार अक्षरं लागली नाहीत. साठवायच्या वेळी ती खूण समोर आली, वापरलेली तेवढीच अक्षरं आत ठेवायची म्हणणारी. ती त्यांनी लावलेली होती, तशीच होती. मी ती काढून टाकली. सगळी बाराखडी आत गेली, जोडाक्षरं, आकडे, ढ, सगळी. फाइल चांगली जड झाली. मग ती मालकांच्या फोनमधल्या प्रत्येकाला पाठवली. लग्नघरांना, शाळांना, खिचडीवाल्या बाईंना, ढवळ्याच्या त्या म्हातारीच्या नातवांना.

थोड्या वेळानं उमरठकडून पेंटरांच्या सुनेचा फोन आला. मी गिऱ्हाइकाचं लॅमिनेशन करत होते.

"वहिनी, मालकांचं पान उघडतच नाय. नुसतं फिरतंय. पत्रिका तर पटकन उघडायच्या त्यांच्या. येवढं काय घातलंय गो ह्यात?" मागून म्हाताऱ्याचा आवाज येत होता, काहीतरी विचारत होता. "आबा म्हनतायत, अक्षरं हायत ना?"

"आहेत म्हणावं. सगळी आहेत," मी म्हटलं. "रेंज नसेल तुमच्याकडं. फोन घेऊन अंगणात जा आणि जरा थांब, उघडेल."